बाईंचा आवाज टोळीकडून परत आला

"बोलू नका," डॉक्टर म्हणाले. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं होतं.

नगरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे बसले होते. घशात बारीक कॅमेरा, समोर पडद्यावर माझे स्वरतंतू. आवाज तिथूनच निघतो. दोन्ही कडांवर पांढरट उंचवटे दिसत होते.

"कोयता धरून ऊसतोड करणाऱ्यांच्या हाताला घट्टे पडतात ना? तेच आहेत. ओरडून ओरडून पडलेत. व्यवसाय?"

"शिक्षिका. जिल्हा परिषद शाळा." घोगरं काहीतरी बाहेर पडलं.

"मग महिनाभर तरी पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं घसा जास्त ताणला जातो. आवाज परत येईल असं वाटतं, पण आत्ता खात्री देत नाही."

शेवटचं वाक्य मी बसमध्ये कर्जत येईपर्यंत चघळत होते. माझे आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक, वडीलही शिक्षक. आमच्या घराण्यात शेत नाही, दुकान नाही. आवाज हेच आमचं वतन. आणि ते मी घालवणार की काय, अशी भीती वाटत होती.

आमची शाळा वस्तीवरची, दोनशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक शिंदे सरांकडे. सर भला माणूस. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून म्हणाले, "मॅडम, रजा टाका. चारही वर्ग मी बघतो."

मी पाटीवर लिहिलं, "पहिलीचं काय?"

दिवाळी नुकतीच झाली होती. पहिलीची मुलं अक्षर ओळखून शब्द वाचायला लागतात ते याच दिवसांत. इथे हात सुटला की मूल दुसरी-तिसरीपर्यंत चाचपडत राहतं. चार वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला पहिलीजवळ बसायला मिळत नाही.

आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, चौकशीला आले. कडक पण सरळ माणूस.

"मॅडम, माझी सहानुभूती आहे. पण न बोलता पहिली कशी शिकवणार? नाताळाची सुट्टी झाली की मी येतो. मुलं वाचायला लागलेली दिसली तर ठीक. नाहीतर रजेवर जा, मी कोणीतरी तात्पुरतं बघतो."

त्यांचं चूक नव्हतं. चौथीला शिकवत असते तर फळ्यावर लिहून भागलं असतं. पहिलीला वाचताच येत नाही. मुकी बाई आणि न वाचणारी मुलं, यांच्यामध्ये काय उरतं?

मी मोबाईलचा आधार घेतला. लिहिलेलं वाचून दाखवणारं एक ॲप असतं. मी मराठीत टाइप करायची, फोन बोलायचा. भजनी मंडळाचा छोटा स्पीकर मागून आणला. प्रशिक्षणांत तंत्रज्ञानाबद्दल इतकं ऐकलं होतं की आता मी गड जिंकणार असंच वाटलं.

फोन म्हणाला, "मुलांनो, पुस्तक उघडा."

कोणीही पुस्तक उघडलं नाही. सगळी स्पीकरकडे बघत बसली.

"बाई, ही बाई कोन हाय?" रेश्मानं विचारलं.

"हिला रागावताच येत न्हाई," ओंकार म्हणाला. त्यानंतर वर्ग त्याचा झाला.

पहिलीचं मूल आवाजावर विश्वास ठेवून शिकतं. बाईंनी "म, मका" म्हटलं की ते मागून म्हणतं, कारण त्या बाई त्याच्या असतात. या परक्या बाईच्या मागे म्हणायला कोणी तयार नव्हतं. आठवडाभर हेच चाललं. संध्याकाळी मुलं गेल्यावर मी रिकाम्या वर्गात बसून रडले. रडतानाही आवाज काढायचा नव्हता.

मग मला ऊसतोड टोळीचा ग्रुप आठवला.

आमच्या वस्तीवरची बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही मुलं मागे आजीकडे राहतात, काही आईबापांबरोबर जातात. गेल्या वर्षीपासून मी त्या मुलांसाठी रोज संध्याकाळी दिवसभराचा पाठ माझ्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत होते. गेल्या वर्षीचे पहिलीचे सगळे पाठ त्यात होते. पण माझा जुना फोन पावसाळ्यात हौदात पडला आणि सगळं गेलं.

ग्रुपवर विचारायचं तर कसं? मला बोलता येत नव्हतं आणि बऱ्याच आयांना वाचता येत नव्हतं. शेवटी शिंदे सरांनी त्यांच्या आवाजात निरोप टाकला: "बाईंचा घसा गेलाय. कोणाकडे त्यांचे जुने पाठ असतील तर पाठवा."

रात्री मंगलचं उत्तर आलं. तिची मुलगी पूजा गेल्या वर्षी माझ्या पहिलीत होती. या वर्षी ती आईबरोबर राहुरीकडे एका कारखान्याच्या तळावर होती.

"बाई, समदे हायेत माझ्यापाशी. मोबाईल भरला हुता, तवा भावाच्या लग्नाचे व्हिडिओ काढून टाकले, तुमचं ऱ्हाऊ दिलं. पूजी झोपताना लावती, तिचं बघून मी बी ऐकती. आताच पाठवलं असतं, पर ह्या पाचटाच्या कोपीत रेंज कमी हाय, येवढं समदं जात न्हाई. उद्या गाडी भरायला जाऊ तवा सडकेवरून पाठवती. तुमी बोलू नका."

पुढचे काही दिवस माझा फोन टुणटुणत राहिला. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून ही बाई सडकेवर उभी राहून मला माझाच आवाज परत करत होती. हे ऋण मी कधी फेडणार, मला ठाऊक नाही.

सोमवारी स्पीकर लावला. "चला, बोट ठेवा. पहिल्या अक्षरावर. म. मागे म्हणा." माझाच आवाज, गेल्या वर्षीचा, धडधाकट. सगळी पोरं ताठ बसली. रेश्मानं एकदा माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे, आणि म्हणाली, "म." मागोमाग वर्ग गरजला.

त्या दिवशी मला नोकरीतली मोठी गोष्ट सापडली. माझा आवाज शिकवत होता आणि मी मोकळी होते. मी मुलांमधून फिरले. ओंकार सगळ्यात मोठ्यानं म्हणत होता. तोंडानं "तवा", बोट मात्र अजून "मका"वर. त्याला सगळा धडा ऐकून तोंडपाठ झाला होता, अक्षर एकही ओळखत नव्हता. इतके दिवस तो माझ्या हुशार मुलांत होता. सगळे एका सुरात म्हणतात तेव्हा न वाचणारा त्यातच लपतो, आणि माझं ओरडणं त्या सुरात सगळ्यात वर असायचं.

फोनला थांबवायचं बटण असतं. मला ते कधीच नव्हतं. मी पाठ थांबवला, ओंकारजवळ बसले, त्याचं बोट धरून अक्षरावर ठेवलं आणि वाट पाहिली. सांगता येत नव्हतं, म्हणून वाट पाहणं भागच होतं. बराच वेळ गेला. मग तो हळूच म्हणाला, "म."

मग तीच पद्धत झाली. स्पीकर म्हणायचा, मी बोटं बघायची, थांबवायचं, थांबायचं. नाताळात चर्चच्या गायनमंडळात मी नुसती उभी राहिले. वाईट वाटलं, पण बाकीच्यांचे सूर पहिल्यांदाच इतके नीट ऐकले.

सुट्टीनंतर साहेब आले आणि त्यांनी नेमकं ओंकारलाच उठवलं. न पाहिलेला परिच्छेद दिला. ओंकारनं बोट ठेवलं. दोन शब्द वाचले आणि अडला.

शिंदे सर कडेला चुळबुळत होते.

"मॅडम, त्याला खूण तरी करा," साहेब म्हणाले.

मी पाटीवर लिहिलं, "येतंय त्याला. थांबा."

साहेब थांबले. ओंकारचे ओठ हलले, बोट सरकलं, आणि तो पुढचा शब्द म्हणाला. मग त्याच्या पुढचा. सगळा परिच्छेद त्यानं तसाच वाचला, सावकाश, एकट्यानं.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "रजेचं राहू द्या."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा कॅमेरा घातला. घट्टे बरेच विरले होते. थोडं थोडं, तेही हळू बोलायला परवानगी मिळाली. नगरच्या स्टँडवरूनच मी पहिला व्हॉइस मेसेज केला तो मंगलला. "मंगल, मी बोलतेय." स्टँडच्या गोंगाटात नीट ऐकू जाईल ना, म्हणून सवयीनं पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं तेच म्हटलं.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. मागे पूजा काहीतरी वाचत असल्याचा आवाज होता.

"बाई, लई बरं वाटलं. पर एवढ्या मोठ्यानं कशाला? हळूच बोला. आमाला ऐकू येतंय."

डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. पाळते मात्र मी मंगलचं.