मुका खो

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मुलीलाही नाही. आणि जिच्याबद्दल आहे तिला तर मुळीच नाही — तिच्याशी मी रोज बोलते, तरी. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून असेल. आपल्या माणसांसमोर तोंड उघडलं की मी हवापाण्यावर येते.

आधी चांगलं सांगते. चांगलंच जास्त आहे, आणि त्यामुळेच तर पुढचं जड जातं.

आम्ही अबू धाबीत, अल रीम आयलंडवर राहतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो तेव्हा मला इथे कुत्रं ओळखत नव्हतं. एकदा लिफ्टमध्ये आईशी फोनवर बोलत होते, तर शेजारची बाई हातातला केकचा खोका सावरत म्हणाली, "मिरज-सांगलीकडची काय गो तू?" ती नसरीन. मूळची श्रीवर्धनची, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी. त्याच महिन्यात मी तापाने पडले, आणि तिच्या घरून रोज पेज आणि तांदळाची भाकरी येत राहिली. मी बरी झाल्यावर डबे परत करायला गेले तर म्हणाली, रिकामे डबे आणतेस, लाज नाही वाटत? तेव्हापासून आमच्यात रिकामा डबा जात नाही.

नसरीन घरी केक करते. तिचे क्रीमचे गुलाब बघायला हवे होते तुम्ही. पिशवी दाबत मनगट असं अलगद फिरवायची की पाकळीमागून पाकळी उमलत यायची. सगळं घर वेलचीच्या वासाचं, आणि ती मान खाली घालून गुलाब करत बसलेली. "हे माझं आहे," म्हणायची. "घर नवऱ्याचं, व्हिसा नवऱ्याचा. हे मात्र माझं."

हे मनगट लक्षात ठेवा.

माझी मुलगी ईशा आणि तिची झारा, दोघी मॉलमधल्या आइस रिंकवर स्केटिंग शिकायच्या. बाहेर ऊन चामडी सोलून काढतंय आणि आत आम्ही दोघी कानटोप्या घालून बाकावर चहा पीत बसलेल्या. एका शनिवारी कोच ग्रेस आमच्याकडे आल्या — फिलिपिन्सच्या, बुटक्या, हसऱ्या — आणि म्हणाल्या, मोठ्या बायकांसाठीही बॅच सुरू करतेय. मी नाही म्हणणार तोच नसरीन उठलीसुद्धा. "चल गो. पोरींनीच काय म्हणून उडायचं? एक उडी मला मारायचीय. एकच. मग खलास, मरायला मोकळी."

पहिल्या दिवशी कोचने सगळ्यांना विचारलं — आधी काही खेळलायत का? ओक्साना नावाची उंच बाई म्हणाली, व्हॉलीबॉल, क्लबकडून. एकीने जिम्नॅस्टिक सांगितलं, एकीने बॅले. मग माझ्याकडे वळल्या. आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी म्हणाले, "नथिंग. नेव्हर."

मी खो-खो खेळलेय. शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्याच खेळतात तसं नव्हे. लहानपणापासून कॉलेजपर्यंत, एकही संध्याकाळ वाया घालवली नाही. राज्य स्पर्धेत खेळलेय. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर मिरजेची माती अजून आहे, कातडीखाली, निळसर. मग का नाही सांगितलं? लाज वाटली. बॅलेच्या शेजारी खो-खो कसा ठेवायचा? एक बसते, एक पळते, पाठीवर हात मारून 'खो' म्हणायचं — हे इंग्रजीत सांगून बघा, पोरखेळ वाटतो. गप्प बसणं सोपं गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर तुमचा वेळ घेतला नसता.

पण बर्फावर माझं शरीर गप्प बसेना. पहिली उडी असते ना — पुढे तोंड करून निघायचं, हवेत अर्धं वळायचं आणि उलटं, पाठमोरं घसरत उतरायचं — ती बाकीच्यांना महिनोन्‌महिने येत नव्हती. कोच ओरडायच्या, "बेंड, अँड अप!" आणि माझ्या पायांना वेगळंच ऐकू यायचं. उकिडवं बसलेल्या माणसाला पाठीवर थाप पडली की विचार न करता उसळायचं, हे मिरजेला खो-खो शिकवणाऱ्या शेलारबाईंनी माझ्या पोटऱ्यांत इतकं मुरवलं होतं की पाय आपोआप उडायचे. खांबाला वळसा घालताना खांदा आधी न्यायचा, मग कंबर — तेच हवेत करायचं, बस्स. ओक्सानाही पटकन शिकली. पण ती प्रत्येक वेळी हसून सांगायची, ही माझी करामत नाही, व्हॉलीबॉलची आहे. आणि मी? मी अचंबित चेहरा करायचे. "मलाच कळत नाही कसं जमतं!" कोच मला 'नॅचरल' म्हणायला लागल्या. ईशा म्हणाली, "Mom, you're actually gifted!" चाळिशीच्या बाईला पोटची पोर असं म्हणते तेव्हा काय होतं माहितेय? ते ऐकायला मी आणखी दहा खोटं बोलले असते.

बोललेही. उडीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला — आयुष्यात कधी कुठला खेळ न खेळता, या वयात! तो शेलारबाईंनीही पाहिला. त्यांना विसरलेच होते मी. त्यांचं उत्तर आलं: "गुडघा छान वाकलाय. शाबास." बस, एवढंच. वरची ओळ त्यांनी वाचली नसेल? वाचली असणारच, त्या खेळाचे नियमसुद्धा आमच्याकडून पाठ करून घ्यायच्या. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

आता नसरीनचं.

नसरीन कधीच काही खेळली नव्हती. तिला उडी येईना, पण ती सोडेना, आणि सोडेना ती माझ्याकडे बघून. "तू पण माझ्यासारखीच ना? तू पण कधी पळाली नाहीस. तुला येते तर मला का नाही येणार?" सगळ्यांना हेच सांगायची. कोचना, झाराला, नवऱ्याला. माझ्या खोट्यावर तिने आपली सगळी हिंमत उभी केली होती, आणि मी खाली उभी राहून ती इमारत वाढताना बघत होते.

आणि पडताना ती तळहात टेकायची.

पडावं कसं हे कोचनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण ते सांगून येत नाही, शरीरात जावं लागतं. शेलारबाईंनी आम्हाला खो द्यायला शिकवायच्या आधी नुसतं पडायला शिकवलं होतं. जमिनीला हाताने अडवायचं नाही. हात छातीशी, हनुवटी आत आणि कुशीवर लोळायचं. "जमीन तुमची शत्रू नाही गं पोरींनो, तिला ढकलू नका," म्हणायच्या. संध्याकाळ-संध्याकाळ आम्ही मातीत लोळायचो. मला नसरीनच्या हॉलमधला गालिचा दिसत होता. आठ-पंधरा दिवस तिथे लोळवली असती तिला, हसत-खिदळत शिकली असती. पण मग ती विचारणार — तुला हे कुठून येतं?

आणि तिने विचारलंच. ईदच्या आधीची गोष्ट. रिंकच्या कडेला बूट सोडताना, कोपर चोळत, अगदी सरळ मनाने म्हणाली, "तू पडतेस तेव्हा तुला लागत कसं नाही गो?"

दार सताड उघडून दिलं होतं तिने. आत जायचं की नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

मी म्हणाले, "नशीब गं."

पुढच्या शनिवारी कोच रजेवर होत्या. बर्फावर आम्ही दोघीच सराव करत होतो. नसरीन म्हणाली, आज होणार, इन्शाल्ला. निघाली, उडाली — खरंच उडाली, अर्धं वळलीसुद्धा — आणि मागे पडली. उजवा तळहात आधी. तो आवाज मी सांगत नाही.

हॉस्पिटलमध्ये ती मलाच धीर देत होती. "रडतेस काय? अर्धी तरी आली ना मला?" तिला खरी काळजी ईदच्या केकची होती. ऑर्डरी घेऊन बसली होती. मग ती पाटावर प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून बसायची, आणि मी तिच्या सांगण्याबरहुकूम क्रीमची पिशवी दाबायचे. माझे गुलाब कोबीच्या गड्ड्यासारखे व्हायचे. ती पोट धरून हसायची, आणि तरी त्यातल्या बऱ्यापैकी गड्ड्यांना गुलाब म्हणून पाठवायची. ईदला तिच्याकडे शीरखुर्मा खायला गेलो तेव्हा घरभर पाहुणे. सगळ्यांसमोर तिने मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "ही नसती तर माझी ईद झाली नसती. अल्ला हिला सलामत ठेवो." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी शीरखुर्म्याची वाटी तोंडाला लावली. गोड होता तो, हे खरं.

तिचं मनगट सांधलं. पण पूर्वीसारखं फिरत नाही. क्रीमची पानं करते, वेली करते, कडेची नक्षी करते. गुलाब आता करत नाही. कुणी मागितला तर म्हणते, फॅशन गेली.

मी तेव्हाही सांगू शकले असते. नंतरही. कालसुद्धा आम्ही तिच्या ओट्यापाशी तासभर उभ्या होतो. सांगितलं नाही. घाबरले की ती माफ करेल — ती करेलच, त्याच क्षणी, आणि वर डबा भरून देईल. नाही, ही सबब झाली. सांगितलं नाही, एवढंच खरं.

मला खूप मिळालं. शेलारबाईंनी पाय दिले, नसरीनने घर दिलं, आणि त्या थंडगार बर्फाने माझं पळणं मला परत दिलं, जे संसारात कुठे पडून राहिलं होतं ते मलाही आठवत नव्हतं. मी सकाळी उठते तेव्हा खरंच हात जोडावेसे वाटतात. पण ज्यांना जोडायचे त्यांची नावं मी कुठेच घेतली नाहीत. खेळाचं नाव घेतलं नाही, बाईंचं नाही. सगळ्याला नशीब म्हणाले.

नसरीन परत बर्फावर आली. मी हात धरून आणायच्या आधीच. आता पडणं कोचकडून नीट घोटून घेतलंय तिने. फक्त उडीला निघताना तिची हिंमत क्षणभर थिजते. तेव्हा तिने स्वतःच तोड काढली. मला म्हणाली, "तू माझ्या मागे थांब. पाठीवर एक थाप मार. थाप पडली की मी निघते."

खो-खोत नियम आहे. पाठीवर हात पडला की त्याच क्षणी तोंडाने 'खो' म्हणायचं, मोठ्याने, पंचाला ऐकू जाईल असं. नुसता हात लावला आणि शब्द आला नाही तर तो फाऊल. बाई त्याला मुका खो म्हणायच्या. फार चिडायच्या त्यावर. म्हणायच्या, जिला उठवतेयस तिला निदान आवाज तरी दे.

दर शनिवारी मी नसरीनच्या मागे उभी राहते. तिची पाठ रुंद आहे, जॅकेट निळं. मी तळहात ठेवते. शब्द घशापर्यंत येतो. ओठ मिटलेलेच राहतात. ती निघते, गुडघा वाकवते, उडते — आणि ही उडी अशी आहे की पुढे बघत निघालेलं माणूस उतरतं ते मागे तोंड करून. म्हणजे ती उतरते तेव्हा माझ्याकडे बघत असते. लांब लांब घसरत जाते, हात पसरून, उजवं मनगट जरा कमी वळलेलं, आणि सगळ्या रिंकला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्याकडे बघून ओरडते, "शुक्रिया गो!"