दुर्गेशने बनवलेला बैल

नव्या माणसाने ‘आपण काय करता?’ असे विचारले की दुर्गेशला शर्टाची कॉलर उगाच घट्ट वाटू लागे. उत्तरे मात्र त्याच्याकडे तयार असत. लग्नकार्यात तो ‘बिझनेस’ सांगे, बँकेत ‘प्रॉपर्टी’ आणि गावाकडच्या नातेवाइकांना ‘शेती’. शेती होती, पण त्याच्या लहानपणी. आजोबांची, म्हणजे रामाजींची, हुडकेश्वरची जमीन तेव्हाच ले-आउट होऊन प्लॉटप्लॉटने विकली गेली. रस्त्याकडेचा एक तुकडा रामाजींनी राखून ठेवला. त्यावर आता कॉम्प्लेक्स आहे. खाली दुकाने, वर दुर्गेशचे घर. भाडे महिन्याच्या सुरुवातीला न मागता येते. तक्रार करावी असा भाडेकरूही नशिबात नाही.

तरी दुर्गेश रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरे आणि पाण्याची मोटर चालू करून प्लास्टिकच्या खुर्चीत बसे. मोटर चालू करणे हे दिवसातले पहिले काम. दुसरे, टाकी भरली की ती बंद करणे.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले ताराचंदकाका फिरून परतताना हटकून थांबत.

“काय गा दुर्गेश, आज सुट्टी का?”

“नाही काका.”

“मंग उद्या असंल.”

दुर्गेश हसे. पण जिना चढताना त्याला दरवेळी वाटे, आपल्या नावावर एक तरी गोष्ट अशी असावी, की जी कोणी आपल्याला दिलेली नाही.

वर्षातून एक दिवस मात्र त्याचा असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात, आणि बोजारा म्हणून त्यांच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवले जातात. ले-आउटमध्ये बैलांची स्पर्धाही होई, आणि पहिला नंबर दुर्गेशच्या घरच्या बैलाचा हे ठरलेलेच. जमीन विकली तेव्हा रामाजींनी गोठ्याच्या सागवानी खांबांतून तो करवून घेतला होता. उंची दुर्गेशच्या कमरेएवढी, शिंगांना पितळी शेंब्या, पायांना चाके. आधी तो दुर्गेशने ओढला, आता चौथीतली गुंजन ओढायची. बक्षिसाचे डबे ठेवायला स्वयंपाकघरात जागा उरली नव्हती.

यंदा ताराचंदकाका स्पर्धा समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी व्हॉट्सअॅपवर नियम टाकला, ‘स्पर्धेत फक्त घरी बनवलेले बैल चालतील.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. दुर्गेश तडक मंदिरातल्या बैठकीला गेला.

“काका, हा नियम माह्या बैलासाठी काढला ना?”

“तुह्या बैलासाठी कायले काढू? तुह्या आजोबाच्या बैलासाठी काढला.”

सगळे हसले. दुर्गेशचे कान तापले.

“आम्हाले फुकटात भेटलं, हे मान्य आहे. पण काका, तुमचा प्लॉट माह्या आजोबानं कोणत्या भावानं देला होता? आज त्याचे किती येऊन राहिले?”

“हप्ते भरले मी! पोटाले चिमटा घेऊन भरले.”

“हप्ते तुम्ही भरले, बरोबर आहे. पण भाव वाढवाले कोणत्या ड्युटीवर गेले होते?”

आता मंदिरात कोणी हसेना. बसलेल्या प्रत्येकाचा एकेक प्लॉट होता, आणि प्रत्येकाच्या प्लॉटचा भाव घरबसल्याच वाढला होता. ताराचंदकाकांनी घसा साफ केला आणि चहा मागवला.

“चहा घे. आणि बैल बनवून आण, मंग बोलू.”

“बनवतोच!”

“तू नाही गा, पोरीनं बनवाचा,” असे काका म्हणाले, पण तोवर दुर्गेश चपला घालून निघाला होता.

दुसऱ्या दिवशी तो सीताबर्डीहून करवत, कानस, सरस आणि सँडपेपर घेऊन आला. कॉम्प्लेक्सच्या मागे खटखट सुरू झाली. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आला. घरात बँडेजपट्ट्या असूनही तो खालच्या मेडिकलमध्ये गेला. तिथून मोबाइलवाल्याकडे, मग किराणा दुकानात. फोड सगळ्या भाडेकरूंनी पाहिला.

“अहो, आता पट्टी लावा,” बायको रितिका म्हणाली. “पाहणारे संपले.”

बैल उभा राहिला तेव्हा मागून उंच आणि पुढून ठेंगणा होता. मान शेळीची वाटत होती. दुर्गेशची आई प्रेमलताबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

“बैलच आहे ना बाबू?”

“आई!”

“नाही, पूजा कोणती कराची म्हणून विचारून राहिली.”

गुंजन रंगाचा डबा घेऊन आली, तर दुर्गेशने तिला लांबूनच थांबवले. “तू हात नको लावू बेटा, बिघडून जाईल.”

“पप्पा, स्पर्धा कोणाची आहे?”

“तुहीच आहे ना.”

ती डबा घेऊन आत गेली. दुर्गेश शेपटीत गुंतला होता.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी त्याने बैलाला झूल घातली, घुंगरमाळ बांधली आणि दोरी गुंजनपुढे धरली. तिच्या हातात दुसराच बैल होता. नारळाचे अंग, रिकाम्या रिळांचे पाय, काथ्याची शेपूट.

“हा माहा आहे,” ती म्हणाली. “तो तुमचा.”

“अवं, तुह्यासाठीच तर बनवला मी.”

“मंग काकाजीनं विचारलं, कोणी बनवला, तर मी काय सांगू?”

दुर्गेशने बैलाची झूल उगाच सरळ केली. लग्नातले, बँकेतले, गावाकडचे, एकही उत्तर या प्रश्नाला लागू पडेना. हा प्रश्न आयुष्यभर त्याच्या मागे होता, आणि आता तोच प्रश्न तो पोरीच्या हातात दोरीसकट देत होता.

गुंजन गेली. तो बैलाजवळ तसाच उभा राहिला.

“मंग जा ना तू बी रांगेत,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “इतका आवाज करून बनवला, तर दाखव लोकाईले.”

मैदानावर पोराटोरांच्या रांगेत शेवटी इस्त्रीच्या शर्टातला दुर्गेश पाहून सगळ्यांनी मोबाइल वर केले. ताराचंदकाका एकेक बैल तपासत त्याच्यापर्यंत आले. थट्टा करावी की नियम सांगावा, हे त्यांना ठरवता येईना.

“बैल कोणाचा?”

“माहा.”

“कोणी बनवला?”

“मी बनवला.”

आवाज इतका मोठा निघाला की दुर्गेश स्वतःच दचकला. काकांनी वाकून बैलाचे शिंग धरले, आणि शिंग त्यांच्या हातात आले. मैदान हसून लोटपोट झाले. काका मात्र शिंग निरखत राहिले.

“खात्री पटली बा,” ते म्हणाले. “असा बैल आजोबा देऊ शकत नाही, अन् बाजारात कोणी विकू शकत नाही. हा तुहाच आहे.”

पहिला नंबर मोबाइलवाल्याच्या साहिलचा आला, गुंजनचा तिसरा. दुर्गेशचे वय जास्त असल्याने तो बाद झाला. पण काका बोजारा वाटत त्याच्याजवळही थांबले आणि त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली.

“हे फुकटचे आहेत काका.”

“घे गा. तुह्या आजोबाच्या प्लॉटवर राहतो मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गेशने मोटर चालू केली. शर्ट जुना होता आणि बाहीला सरस लागला होता. ताराचंदकाका सवयीने थांबले.

“काय गा, आज सुट्टी का?”

“नाही काका,” दुर्गेश म्हणाला, “आज शिंग बसवाचं आहे,” आणि खुर्चीकडे न पाहता मागच्या बाजूला गेला.