शून्य-शून्य

ईदच्या सकाळी मलेशियात, केलांतानमधल्या त्या गावात सगळे सगळ्यांची माफी मागत दारोदार फिरतात. एकाने "काया-मनाने माफ कर" म्हणायचं, दुसऱ्याने "कोसोंग-कोसोंग", म्हणजे शून्य-शून्य, तुझं-माझं काही उरलं नाही. मग नारळाच्या पानातला भात खायचा. जिभेला इतकी सवय, की लोक मासळीवाल्यालाही तेच म्हणतात.

सावदाने या दोन शब्दांवर मुलाचा जीव टांगला.

तिच्या कमरुलने शेजारच्या कलसोमचा मुलगा रशदान झोपलेला असताना कोयत्याने मारला होता. तेव्हा खुनाला फाशीच होती, न्यायाधीशाच्या हातात दुसरं काही नव्हतं. आता कायदा बदलला. फाशी की लांबलचक कैद, हे न्यायाधीशांनी ठरवायचं, आणि जुन्या कैद्यांनाही अर्ज करता येणार होता. वकीलबाईंनी विचारलं, "मावशी, त्या घरच्यांनी कधी माफ केलंय?"

"केलंय की. कलसोमनेच, स्वतःच्या तोंडाने."

ते ईदच्या रिवाजातलं होतं, हे तिने सांगितलं नाही. कोणत्या आईने सांगितलं असतं?

मग ती कलसोमकडे गेली. कलसोम तांदूळ निवडत होती.

"तू म्हणालीस ना, शून्य-शून्य?"

"म्हणाले. तुझ्या कोंबड्या माझे वाफे उकरतात, त्याचं म्हणाले."

"मग निदान गप्प तरी राहा गं."

"रशदान गप्पच आहे. आता मीही बसू?"

पुत्रजया शहरातल्या सर्वोच्च कोर्टात वकीलबाईंनी माफीची गोष्ट मांडली. सरकारी वकिलांनी उठून कलसोमचा जबाब वाचला: तो सणाचा रिवाज होता, मुलाच्या खुनाची माफी मी दिलेली नाही, देणारही नाही. न्यायाधीश म्हणाले, कैद देण्याचा अधिकार आम्हाला आहे, पण झोपलेल्या माणसावर असे घाव घालणाऱ्यासाठी तो वापरावा असं कारण दिसत नाही. फाशी कायम.

सावदाने माफीचं नाव काढलं नसतं, तर कलसोमला कुणी विचारायलाही गेलं नसतं. हे कुणी तिला बोलून दाखवलं नाही. तिचं तिलाच कळलं, आणि ते आता जन्मभर पुरणार होतं.

बाहेर पायऱ्यांवर कलसोम उभी होती. डोळे तिचेही सुजलेले.

"कधी?" तिने विचारलं.

"कळवतात म्हणे. त्याआधी भेटायला बोलावतात."

"तुला भेटता तरी येईल," कलसोम म्हणाली, आणि पायऱ्या उतरू लागली.