वर्गातून चालू होणारी मोटर

मोबाइलचं फर्मान निघालं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. नववीच्या पोरांनी स्वतःचा मोबाइल शाळेत आणायचा, त्यावर धडे पाहायचे, चाचण्या सोडवायच्या, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. चिखलीहून जीपने मी ज्या गावात गणित शिकवायला जाते, तिथे स्वतःचा मोबाइल असलेलं एक पोरगं दाखवा, माझी खुर्ची त्याला देते. यायचे ते बापाचे, काकाचे, काच तडकलेले. अर्धा तास रेंज शोधण्यात जायचा आणि उरलेला माझ्या ओरडण्यात.

एक मुलगी मात्र मोबाइल रोज आणायची. तिला वडील नाहीत, आई मजुरीला जाते, घरात मोबाइल एकच. दिवाळीपर्यंत निम्मे दिवस गैरहजर असणारी ही पोरगी नंतर एकही दिवस चुकली नव्हती. का, ते मी विचारलं नाही. हजेरीपट भरला म्हणून खूश होते.

मार्चमध्ये भर चाचणीत तिचा मोबाइल वाजला. तिने तो कट केला आणि ती लगेच परत नंबर लावायला लागली. मी तडक तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मॅडम, लाइन आली," ती हळूच म्हणाली.

लाइन म्हणजे शेतातली वीज, एवढं मलाही कळतं. पण वर्गात बसून हिला त्या विजेचं काय? मला तो शुद्ध बहाणा वाटला. मोबाइल काढून घेतला, कपाटात कुलपात ठेवला आणि शाळा सुटल्यावर परत केला.

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. मुख्याध्यापक म्हणाले, अहवालात 'पालक उदासीन' असं लिहून टाका. चौथ्या दिवशी त्या उदासीन पालकाला चार शब्द सुनवायलाच मी त्यांच्या शेताच्या तुकड्यावर गेले.

विहिरीजवळ मोटरच्या पेटीशेजारी ती मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. समोर नुकतीच लावलेली मिरचीची रोपं, त्यातली निम्मी करपलेली. तिची आई त्या दिवशी मजुरीला गेली नव्हती; तिनेच सगळं सांगितलं. पूर्वी लाइन दिवसा असली की बटण दाबायला पोरीला शेतात थांबावं लागायचं. दिवाळीत मामाने मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवून दिला. लाइन आली की मोबाइल वाजतो आणि पोरगी वर्गातूनच मोटर चालू करते. मी कुलूप लावलं त्या दिवशी मोबाइल परत मिळेपर्यंत लाइन गेली होती आणि रोपं उन्हात तशीच राहिली. मला स्वतःचीच लाज वाटली.

मी म्हटलं, मोबाइल पाठवा, आता हात लावणार नाही.

"एक डाव कुलपात गेला, मॅडम," आई म्हणाली. "आता मोबाइल मोटरपाशीच राहीन, अन् पोरगीबी. मले तो चालवता नाही येत."

ती चिडून बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं. मी मुलीकडे वळले. तिला म्हटलं, स्टार्टरचा नंबर मला दे, माझ्या मोबाइलवरून मी मोटर चालू करीन, तू फक्त शाळेत ये.

"तुमच्या मोबाइलवरून नाही होत, मॅडम. मामाने आमचाच नंबर टाकेल हाय. दुसरा टाकाले त्यालेच या लागते, तो आता दिवाळीले येईन."

मग तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं. त्या दिवशी चाचणीतला सातवा प्रश्न तिचा राहिला होता. तो कसा सोडवायचा, एवढंच तिने विचारलं.