बेशाच्या फ्लॅटमधलं मटण

पुरूमामाने आमच्या नागपुरातल्या बेशाच्या फ्लॅटमध्ये कित्येक वर्षं दर रविवारी मटण शिजवलं, आणि आम्ही तिकडे कॅल्गरीत बसून, मामा बिचारा आपलं बंद घर किती मायेने सांभाळतो म्हणून गहिवरत होतो.

फ्लॅट आम्ही 'परत आल्यावर राहायला' घेतला होता. परदेशात गेलेली बहुतेक माणसं असा एक फ्लॅट घेतात. परत कधी येणार, हे मात्र एकमेकांना विचारायचं नसतं. किल्ली मामाकडे होती. आईबाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे हा आईचा धाकटा भाऊच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, सक्करदऱ्यात राहणारा, ढेरी सांभाळत चालणारा आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला न बिचकणारा. बिचकायचा तो फक्त मामीला.

मामीने कुठल्याशा महाराजांचा अनुग्रह घेतला आणि त्यांच्या घरातून मटण, मासे, अंडी सगळं हद्दपार झालं. मटणाची भांडीसुद्धा तिने भंगारवाल्याला देऊन टाकली. मामाला अध्यात्माचं वावडं नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की अनुग्रह ज्याने घेतला त्याच्याच पोटाला तो लागू असावा. मामीशी वाद घालण्यापेक्षा त्याने आमची किल्ली उचलली. रविवारी सकाळी 'भाचीच्या घराला जरा हवा देऊन येतो' म्हणून तो निघायचा आणि तीन दोस्तांना घेऊन बेशाला पोचायचा. मामीला नवऱ्याच्या या जबाबदारीच्या जाणिवेचं फार कौतुक. फोनवर ती मला म्हणायची, "तुमच्या घराची एवढी काळजी करतात, आमच्या घरचा नळ गळून राहिला ते नाही दिसत."

आम्ही दर दोन-तीन वर्षांनी डिसेंबरात यायचो, तेव्हा फ्लॅट चकचकीत असायचा. पडद्यांना जो वास यायचा तो मी बंद घराचा समजायचे. माझा नवरा समीर तर त्याला 'नागपूरचा वास' म्हणायचा आणि डोळे मिटून छाती भरून घ्यायचा. शेवटी आमच्या लेकीने, इराने, लपाछपी खेळताना ओट्याखालचं कपाट उघडलं आणि आतून एक भलाथोरला काळाकुट्ट गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, बाहेर ओढला. त्याच्यामागे पाटा होता, वरवंटा होता आणि सावजी मसाल्याचा डबा होता. मी मामाकडे पाहिलं. तो जरासुद्धा ओशाळला नाही.

"घर बंद ठेवलं का वाळवी लागते," तो म्हणाला. "मसाल्याच्या वासानं वाळवी येत नाही. मी तुयाच घराचं भलं करून राहिलो."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. एकदा तो महिनाभर कॅल्गरीला येऊन राहिला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने असा झणझणीत ठेचा परतला की धुराचा भोंगा वाजला आणि दारात बंब येऊन उभा राहिला. मामाने त्या धिप्पाड माणसांना आत बोलावलं, बसवलं आणि चहा ठेवला. ते गेल्यावर मला म्हणाला, "ठेच्याले बंब येते, तर तेरवीच्या सैपाकाले काय मिल्ट्री येत असन इथं?" तिथलं त्याला काही आवडलं नाही असं नाही. रस्ते आवडले. फक्त त्या रस्त्यांवर एवढ्या दिवसांत एकाही माणसाने त्याला 'कुठं चालले' म्हणून विचारलं नाही, हे त्याच्या फार मनाला लागलं होतं. इराबद्दल त्याचं मत होतं की पोरीला मराठी येतं, पण रागावल्यावरच समजतं.

एका खेपेला मात्र आम्ही फ्लॅट विकायला आलो होतो. तिकडे मोठं घर घ्यायचं ठरत होतं आणि इकडचं रिकामं ठेवण्यात समीरला काही राम दिसत नव्हता. आता, ज्या माणसाची रविवारची पंगत त्या घरात बसते, त्यालाच ते विकायला सांगण्याचा शहाणपणा आमच्यासारखे परदेशी शहाणेच करू जाणोत. मामाने सगळं मान्य केलं. गिऱ्हाईकं मीच आणतो म्हणाला.

पहिलं कुटुंब धरमपेठेतलं, कांदालसूणही न खाणारं. मामाने त्यांना रविवारी बरोबर दुपारी बोलावलं. गंज गॅसवर रटरटत होता. त्या घरच्या आजीबाईंनी नाकाला पदर लावला, तर मामा झाकण उचलून त्यांना आग्रह करायला लागला की आता आले तसे जेवूनच जा. दुसरं एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. त्यांना त्याने लिफ्टचे गुण सांगितले, की अडकली तरी आत छान गारवा राहते, तासभर तरी कळत नाही. ती लिफ्ट कधीच अडकलेली नव्हती. तिसरं गिऱ्हाईक एक डॉक्टर होते. त्यांच्याजवळ त्याने फ्लॅटची इतकी स्तुती केली की त्यांना वाटलं, इथे नक्की कोणीतरी गळफास घेतला असणार.

सुट्टी संपत आली. समीर चिडचिड करायला लागला. शेवटच्या रविवारी दोस्त यायच्या आधी मी मामाला स्वयंपाकघरात गाठलं. रागावले की माझी जीभ आपोआप सक्करदऱ्याला जाते.

"काहून असं करून राहिला गा मामा? मटण दुसरीकडं नाही का शिजवता येत?"

मामा रस्सा ढवळत होता. त्याने पळी बाजूला ठेवली.

"मटण मी झाडाखाली बसून बी खाईन वं. फ्लॅट आहे तवर तुमी घरी येता. तो विकला का मंग तुमी पाहुणे. अन् पाहुण्याले माणूस पहिले विचारते, जाणार कधी."

मला फार वाईट वाटलं. आणि मग जे मी समीरजवळही कधी उच्चारलं नव्हतं ते बोलून गेले.

"मामा, आमी परत नाही येणार राहायले."

त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य बिलकूल नव्हतं.

"मले मालूम आहे," तो म्हणाला. "तू बोलली नव्हती, म्हणून मी बी बोललो नाही. हात धू. गार होऊन राहिलं."

आम्ही ओट्याजवळच उभे राहून जेवलो. तिखटाने डोळ्यांत पाणी येतं, ही मोठी सोय होती.

त्यानंतर आठवडाभरात मामाने फ्लॅट विकून दाखवला. घेणारे एक निवृत्त फौजदार होते. त्यांनी दारातूनच हवा हुंगत, हे कोणी बनवलं, असं विचारलं होतं. व्यवहाराबरोबर गंज, पाटा, वरवंटाही तिथेच राहिला आणि रविवारची पंगत एका पानाने वाढली. मामा मला फोनवर ऐटीत सांगायचा, "आता मीच पाहुणा आहे तिथं. पण मले कोनी जाणार कधी म्हणत नाही, मसाला माया हातचा असते ना."

परवाच्या उन्हाळ्यात तो गेला. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि मान टाकली. कोणाला त्रास न देता गेला, असं सगळे म्हणाले. मला झाला तो त्रास त्यांनी धरला नाही. आम्ही तेरवीपुरते पोचलो. मामीचं घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मला जवळ घेऊन ती खूप रडली, मग डोळे पुसत म्हणाली, "तुमची हॉटेलात सोय केली आहे. इराले गर्मी सोसत नाही. किती दिवस आहे तुमी?"

तोपर्यंत नागपुरात मी कधी हॉटेलात उतरले नव्हते. काउंटरवरच्या मुलीने आमच्या बॅगा पाहिल्या, इराच्या हातातली पाण्याची बाटली पाहिली आणि हसून विचारलं, "मॅडम, नागपूरला पहिल्यांदाच आल्या का?"

समीर काही बोलणार होता. त्याच्या आधी मी हो म्हटलं. मामा नसलेल्या नागपुरात मी पहिल्यांदाच आले होते.