शेवट सांगायचा न्हाई

आमच्या गावात पौर्णिमेची वंदना संपली तरी लोक विहारातून उठत नाहीत. मांडी बदलून पुन्हा सतरंजीवर बसतात, कारण आता मारोतीमामा या महिन्यात काय काय वाचलं ते सांगणार असतात. मारोतीमामा म्हणजे माझे सासरे. बीदर-उदगीर गाडीवर कंडक्टर होते. उदगीरला गाडी लागली की बाकीचे चहाला जायचे आणि हे रद्दीवाल्याकडं पळायचे. आमच्या भालकी तालुक्यात मराठी पुस्तकं कुठं मिळायला? शाळा कन्नड, कचेरी कन्नड, बाजारात निम्मी दखनी उर्दू. मामांनी तिकिटांच्या चामडी पिशवीतून पुस्तकं आणून आणून घर भरलं. मी लग्न होऊन आले तेव्हा पिठाच्या डब्याखाली कादंबरी सापडली होती आणि कादंबरीखाली उंदीर.

सांगण्याचा त्यांचा ठरलेला शिरस्ता. आधी वाचून झालेली पुस्तकं; आवडलेलं असेल तर भरभरून, टुकार असेल तर लिहिणाऱ्याची सालटी काढून. मग एक पुस्तक हातात उंच धरून म्हणायचं, "पुढल्या महिन्यात हे." आणि एक नेम होता: शेवट सांगायचा न्हाई. गोष्ट ऐन रंगात आली की मामा गप्प बसायचे. "पुढं काय झालं ते पाहिजे त्यानं पुस्तक न्यावं आन् वाचावं." लोक शिव्या घालायचे आणि पुस्तक न्यायचे. निम्म्या गावाला मराठी वाचायची सवय या एका खोडीनं लागली.

सगळे शेवट ठाऊक असलेलं गावात आणखी एकच माणूस होतं, ते म्हणजे कोंडाआत्या, माझ्या सासूबाई. त्यांना अक्षरओळख नाही. पण मामा रोज सकाळी ओसरीवर मोठ्यानं वाचतात आणि आत्या शेजारी बसून तूर निवडतात, लग्न झाल्यापासून. त्यामुळं घरातलं एकूण एक पुस्तक त्यांच्या कानात आहे. गोष्टीच्या ओढीनं विहारात येऊन बसणारा गुरप्पा किराणावाला त्यांना गुळाचा खडा जास्तीचा देऊन शेवट विचारायचा. आत्या गूळ घ्यायच्या आणि मुकाट घरी यायच्या.

चैत्राच्या पौर्णिमेला मामांनी एका खुनाची कादंबरी सांगितली. वकिलाला दुधातून विष घालतात, वकील मरतो, संशय सुनेवर येतो. "आमच्याकडं दूध मीच तापवते," मी म्हटलं, आणि विहार हसला. कादंबरी गुरप्पानं नेली. पुढच्या आठवड्यात तो दारात येऊन उभा राहिला.

"अण्णा, ह्यात वकील मरतच न्हाई की! तो तर शेवटपतूर केस लढायलाय. विषबिष काय न्हाई."

आम्ही पोट धरून हसलो. मामाही हसले, पण जरा मागाहून, आमच्या तोंडाकडं बघून. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या.

तेव्हापासून माझं लक्ष राहू लागलं. मामा पानात खूण म्हणून जुनं तिकीट घालून ठेवतात. असली रंगीत तिकिटं आमच्याकडं अजून ढिगानं आहेत. त्या वेळी विहिरी खोदणाऱ्या एका माणसाचं पुस्तक चाललं होतं. तो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदतो. शेवटची विहीर खोदताना काळा पाषाण लागतो, पहारीचा घाव बसतो आणि खालून कोणीतरी उलटा घाव घालतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम सोडून मी बसले होते. दुसऱ्या दिवशी मामांनी तेच पान वाचलं. तिसऱ्या दिवशीही तेच. हिरवं तिकीट जिथल्या तिथं. एके सकाळी मी चहा घेऊन गेले तर मामा वाचत होते आणि आत्यांचे ओठ हलत होते. मामांच्या तोंडून शब्द निघायच्या आधी आत्यांच्या ओठांवर तो आलेला असायचा. मला भीती वाटली.

बुद्धपौर्णिमेला विहार गच्च भरला होता. बीदरहून माझा नवरा अमरदीपही आला होता. मामांनी विहिरीवाल्याचं पुस्तक रंगवून सांगितलं, पाषाणापर्यंत आणलं आणि थांबले. लोकांनी नेहमीसारखी हुर्यो केली. मग मामांनी पुढल्या महिन्याचं पुस्तक उंच धरलं. तेच होतं. हिरव्या तिकिटासकट.

"मामाला लई आवडलेलं दिसतंय," कोणीतरी म्हणालं, आणि लोक उठले. कोणालाच काही कळलं नाही. कसं कळणार? शेवट न सांगण्याचा नेम त्यांनीच घालून दिलेला. मामांच्या डोक्यात आता कुठल्याच गोष्टीचा शेवट उरलेला नाही, हे त्या नेमाआड झाकून गेलं होतं. वर्षसुद्धा झालं असेल, कोण जाणे. आत्यांना माहीत होतं आणि त्या ते एकट्या उराशी धरून बसल्या होत्या. याचा मला रागही आला आणि रडूही.

अमरदीपनं गुलबर्ग्याच्या मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली. तपासण्या झाल्या, फोटो काढले. डॉक्टरांनी मामांना आत बसवून आम्हाला बाहेर घेतलं आणि कन्नडमध्ये सगळं नीट सांगितलं. गोळ्यांनी विसरण्याचा वेग थोडा कमी होईल, एवढंच. मग नावं जातील, माणसं जातील, घराची वाट जाईल, आणि शेवटी तोंडातला घास गिळायचा असतो हेही जाईल. आत्यांनी एकच विचारलं, "वाचायचं कधी जाईल?" डॉक्टर म्हणाले, "अक्का, ते तर आधीच जायला लागलंय."

येताना बस हुमनाबादच्या पुढं आली आणि मामा जागेवरून उठले. दांडीला धरून पुढं गेले आणि एकेका प्रवाशापुढं हात करू लागले. "पुढं सरका, पुढं सरका. तिकीट बोला." लोक हसले. गाडीचा खरा कंडक्टर तरुण पोरगा होता, त्याला काय करावं सुचेना. आत्या उठल्या, मामांच्या हातात आपलं तिकीट ठेवलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांची झाली. बसा आता." मामा बसले. घर येईपर्यंत ते तिकीट त्यांनी मुठीतून सोडलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला त्यांना न्यावं की नाही यावरून घरात भांडण झालं. मी म्हणाले, लोकांत शोभा कशाला? आत्या म्हणाल्या, "गेले न्हाईत तर इचारतील, कामून आले न्हाईत."

वंदना झाली. लोक मांडी बदलून बसले. मामांनी पुस्तक हातात घेतलं, तोंड उघडलं आणि तसेच राहिले. गुरप्पा खाली बघू लागला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आत्यांचा आवाज आला. आजवर विहारात त्या कधी बोलल्या नव्हत्या. "त्यो इहिरी खोदणारा मानूस. त्याला पाषाण लागला व्हता न्हवं?"

"व्हय, लागला," मामा म्हणाले.

"मग त्यानं पहार घातली का?"

"घातली की! आन् खालून..." मामांचा चेहरा उजळला. आत्या विचारत गेल्या, मामा सांगत गेले. गोष्ट पाषाणापर्यंत आली आणि दोघंही थांबली. मामांनी पुस्तक उंच धरलं. "पुढल्या महिन्यात हे."

"मामा, पर हेच तर..." एक जण बोलू लागला.

"हेच," आत्या कडाडल्या. "त्यास्नी आवडतंय. तुला काय तरास हाय?"

दुसऱ्या सकाळी मी ओसरी झाडत होते. आत्या तूर निवडत होत्या. मामांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. त्या दिवशी त्यांची नजर कधी नव्हे तेवढी स्वच्छ होती आणि मला तिचंच भय वाटलं.

"अमरची माय, त्या डॉक्टरनं तुमाला बाहीर नेऊन काय सांगितलं? माझं पुढं काय होनार हाय?"

आत्यांचा हात सुपात थांबला.

"नेम कुनाचा हाय?" आत्या म्हणाल्या. "शेवट सांगायचा न्हाई."

मामांनी त्यांच्याकडं बघितलं. मग हळूच हसले. "खरं हाय," म्हणाले. त्यांनी हिरवं तिकीट काढून बाजूला ठेवलं, पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं आणि अडखळत वाचू लागले. विहिरीवाल्याचा जन्म झाला, बाप वारला, हातात पहार आली. मग मामांचं बोट ओळीवर थांबलं, ते पुढं सरकेना.

आत्यांनी सूप खाली ठेवलं, नव्यानं ऐकत असल्यासारख्या त्यांच्याकडं वळल्या आणि विचारलं, "मग? पुढं काय झालं?"