बिल्ल्याची मागची बाजू

जुन्या संस्थानी पोलिसांनी दिलेले बक्षिसाचे बिल्ले जमवायचं खूळ मला लातूरला गणिताचे क्लास सुरू केल्यावर लागलं. पोरांची झुंबड उडाली, नाव झालं, आणि नाव झालं की माणूस थोडा चळतोच. बिल्ल्याच्या पुढच्या बाजूला नक्षी असायची. मागे उर्दूत नाव, गाव, कामगिरी. मला उर्दूतलं पहिलं अक्षर, अलिफसुद्धा येत नव्हतं. वाचून दाखवायचे ते अण्णा, माझे वडील. त्यांची शाळा उर्दूत झालेली.

आधी त्यांना या छंदाचा रागच होता. "मेलेल्यांच्या छातीवरचं गोळा करायलास," म्हणायचे. मग भूकंप झाला. औशाकडचं आमचं गाव सपाट झालं, आम्ही कधीचं सोडलेलं घरही गेलं. तेव्हापासून अण्णांनी बजावलं, "कोणताबी बिल्ला आला की आधी मला दाव. दुसऱ्या कुणाला न्हाई." मी दर रविवारी नांदेडला, त्यांच्या घरी, बिल्ले घेऊन जायचो. ते मागची बाजू वाचायचे आणि मोठा श्वास सोडायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला गोडी लागली. मी आपला स्वतःवर खूश.

दोनेक वर्षांनी क्लासमधल्या एका मुलीची आई आली. गावाकडं तिचं आणि आमचं घर एकाच भिंतीला लागून होतं. तिनं फडक्यातून एक बिल्ला काढला.

"मधल्या भिंतीच्या मातीत घावला, सर."

ती भिंत आणि ती गोष्ट, दोन्ही मला पाठ होती. मुक्तिलढ्यात माझ्या आजोबांनी तीन फरारी पोरांना धान्याच्या पेवात लपवलं होतं. कुणीतरी चुगली केली. तिघांना नेलं ते परत आले नाहीत. गावानं ठपका ठेवला शेजाऱ्यावर, म्हणजे या बाईच्या सासऱ्यावर. तेव्हापासून मुक्तिदिनाला झेंड्याखाली आजोबांचं नाव घेतात, आणि तिच्या घराला चुगलखोराचं घर म्हणतात.

"थोरलीची सोयरीक दोनदा मोडली ह्या डागापायी," ती म्हणाली. "ह्याच्यावर नाव आसंल तर वाचून सांगा. कुणाचं का आसंना."

रविवारी अण्णांनी बिल्ला उलटा केला. फार वेळ पाहिला. या वेळी श्वास सोडला नाही.

"नुसता नंबर हाय," ते म्हणाले. "माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

मी दिला नाही. एवढे बिल्ले हाताळून मला उर्दू आकडे ओळखू यायला लागले होते, आणि तिथं एकही आकडा नव्हता.

तसाच उठून मी नांदेडच्या बाजारातल्या चाचांकडे गेलो. माझ्या बिल्ल्यांना काचेच्या चौकटी तेच बसवायचे. त्यांनी हळू आवाजात वाचलं: तीन फरारी पकडून दिल्याबद्दल. खाली आमचं गाव. त्याखाली माझ्या आजोबांचं नाव.

चाचांना आमचं आडनाव माहीत होतं. त्यांनी बिल्ला पुन्हा फडक्यात गुंडाळला. "इसको फ्रेम नक्को करो, मास्तर."

भिंती पडल्यापासून अण्णा प्रत्येक रविवारी याच बिल्ल्याची वाट पाहत होते. मीच तो शोधत गावोगाव हिंडत होतो. मला स्वतःची किळस आली. तरी अण्णांच्या घरी परतून मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. जेवून मी लातूरची गाडी धरली.

सोमवारी ती बाई क्लासच्या दारात उभी होती.

"काय निघालं, सर?"

रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं, खरं सांगायचं. पण झेंडा आठवला, अण्णा आठवले, बाहेर माझ्या आडनावाची पाटी होती.

"नुसता नंबर आहे," मी म्हणालो आणि फडकं तिच्यापुढे धरलं.

तिनं ते हातात घेतलं. "मंग आमच्याच म्हाताऱ्याचा आसंल," ती म्हणाली. "लोक खोटं कशाला बोलतील? ठिवा तुमच्याकडंच. घरात नगं."

मी हात पुढे केला आणि बिल्ला परत घेतला.

तिची धाकटी पहिल्या बाकावर वही उघडून बसली होती. मी फळ्यावर समीकरण लिहिलं. हात जरासुद्धा कापला नाही, आणि त्याचीच मला आजही भीती वाटते.